मिक्समधल्या ४१व्या मिनिटाचा ट्रॅक कसा शोधायचा? नाव कुठंच नाहीये

रात्रपाळी_सातपूर

नमस्कार मंडळी, वर्षभर इथं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर आहे. रात्रपाळीला जॉब लावून सायकल स्टार्ट केली की दहा-बारा मिनिटं फक्त लक्ष ठेवायचं असतं, तेव्हा एका कानात हेडफोन असतो. आधी सगळ्यांसारखी हिंदी गाणीच ऐकायचो, पण दोन वर्षांपूर्वी सोबतच्या एकाने पेन ड्राइव्ह दिला आणि तेव्हापासून दुसरं काही ऐकवतच नाही. त्यात चाळीसेक मिक्स आहेत, म्हणजे डीजेने एकाला एक ट्रॅक जोडून सलग वाजवलेलं, तासा-तासाचे, दीड तासाचे. सगळं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत: टेक्नो, हाऊस, ॲसिड, काही नुसता बास. फाईलची नावं "मिक्स ०१", "मिक्स ०२" अशी, कोणी वाजवलंय, कुठलंय, कधीचंय काहीच नाही. आणि ज्याने दिला तो नोकरी सोडून गावी गेला, त्यालाही कोणीतरी दिलेला.

तर "मिक्स ०७" मध्ये ४१:२० ला एक ट्रॅक चालू होतो. आधी नुसता ठोका, टिकटिक, मग खालून एक रबरासारखा ताणला जाणारा बास येतो, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, आणि त्याच्यावर कोणीतरी कीबोर्डवर वाजवतंय. इतर ट्रॅकमध्ये चार सूर फिरून फिरून येतात, इथं तसं नाहीये, माणूस खरंच वाजवतोय, मध्येच थांबतोय, परत उचलतोय. साडेचार-पाच मिनिटं आहे. मी ते शंभरएक वेळा तरी ऐकलं असेल. गाणं ओळखणाऱ्या शझाम ॲपला लावलं तर "सापडलं नाही". गूगलवर काय टाकणार, शब्दच नाहीत.

दोन प्रश्न आहेत. एक, असं काही तुम्ही लोक कसं शोधता? दोन, मला हे माझ्या मित्रांना ऐकवायचंय. आमच्याकडं डीजे म्हटलं की डॉल्बीची भिंत आणि मिरवणूक एवढंच डोळ्यापुढं येतं, त्यामुळं मी "डीजे मिक्स ऐकतो" म्हटलं की समोरच्याला वेगळंच काहीतरी वाटतं. कोणाला काय द्यावं, कुठून सुरुवात करावी ते सांगा.

वेगमापक

स्वागत भावा. शझामचं आधी सांगतो. शझाम गाणं "ऐकत" नाही, त्या आवाजात कुठल्या क्षणी कुठली फ्रिक्वेन्सी जोरात आहे ती टोकं टिपतं आणि ती नक्षी आपल्याकडच्या साठ्याशी ताडून बघतं. आता डीजे काय करतो, दोन ट्रॅकचा ठोका जुळवायला एकाचा वेग वाढवतो नाहीतर कमी करतो. टेक्निक्सच्या बाराशे मॉडेलच्या टर्नटेबलवर तो स्लायडर आठ टक्के वर आणि आठ टक्के खाली जातो. रेकॉर्ड जोरात फिरली की नुसता वेग वाढत नाही, सगळे सूर पण वर चढतात, म्हणजे टोकं सगळी सरकली. थोडाफार फरक चालून जातो पण चार-पाच टक्के म्हटलं की शझाम आंधळं. त्यात वरून दुसरा ट्रॅक चालू असेल तर विषयच संपला.

मी काय करतो ते सांगतो. ऑडॅसिटी नावाचं आवाज कापायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते घे. ट्रॅक एकटाच वाजतोय असा तीस सेकंदांचा तुकडा काप, मधला, सुरुवातीचा आणि शेवटचा नको कारण तिथं शेजारचा मिसळलेला असतो. मग त्याचा वेग एक टक्का कमी करून शझामला ऐकव, मग दोन, मग तीन, असं आठपर्यंत, आणि मग उलट्या बाजूने. "चेंज स्पीड" वापरायचं, "चेंज टेम्पो" नाही, टेम्पोमध्ये सूर जागेवरच राहतात म्हणजे काही उपयोग नाही. अर्धा तास जातो पण माझे निम्मे तरी असेच सापडलेत.

ते नाही झालं तर आजूबाजूचे ट्रॅक बघ. आधीचा आणि नंतरचा सापडला तर डिस्कॉग्स ह्या रेकॉर्डच्या वेबसाइटवर त्यांचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी उघड, त्या लेबलच्या सगळ्या रेकॉर्ड साल लावून दिसतात, एकेक ऐकत जायचं. डीजे लोक पेटीत रेकॉर्ड लावतात ते पण एका वासाचंच लावतात, त्यामुळं शेजारी बरेचदा भाऊबंद निघतात. आणि मिक्स कोणाचा ते कळलं तर मिक्सेसडीबी साइटवर नाव टाकून बघ, तिथं लोकांनी वर्षानुवर्षं ट्रॅकलिस्ट लिहून ठेवल्यात.

क्रॉयडनकर

वेगमापकने सांगितलं ते सगळं बरोबर, पण एक गोष्ट राहिली. काही ट्रॅक सापडत नाहीत कारण ते बाजारात आलेलेच नसतात. मी २००५ ला प्रोजेक्टवर लंडनला गेलो, राहायला क्रॉयडनला कारण भाडं परवडायचं. तेव्हा मला माहीत पण नव्हतं की डबस्टेप नावाचं जे जड बासचं संगीत नंतर जगभर गेलं ते ह्याच गावातून निघालं. सरे स्ट्रीटला भाजी मार्केट आहे, तिथंच बिग ॲपल नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं, हे संगीत घडवणारे लोक तिथलेच: हॅचा तिथं काउंटरवर, स्क्रीम आणि बेंगा शाळकरी वयात तिथं पडीक. मी पोचलो तोवर दुकान बंद झालेलं, पण मी टोमॅटो-कांदे घ्यायचो त्या रस्त्यावर हे घडलं हे नंतर कळल्यावर मला फार चुटपुट लागली.

ऑफिसातल्या एकाने रिन्स एफएम हे रेडिओ स्टेशन लावून दिलं. तेव्हा ते पायरेट, म्हणजे बिनपरवान्याचं होतं, लायसन्स मिळालं २०१० ला, त्याच्या आधी सोळा वर्षं ते तसंच चालवलं पोरांनी, कुठल्यातरी टॉवरच्या गच्चीवर ॲन्टेना लावून. खरखर यायची, मध्येच दुसरं स्टेशन घुसायचं. आणि तिथं जे वाजायचं त्यातलं निम्मं डबप्लेट. म्हणजे कोणी घरी ट्रॅक बनवला की फॉरेस्ट हिलच्या ट्रान्झिशन स्टुडिओत जाऊन त्याची एकच प्रत कापून घ्यायची, ॲल्युमिनियमच्या तबकडीवर लॅकरचा थर असतो त्याच्यावर. तो थर इतका मऊ की काही डझन वेळा वाजवली की आवाज झिजतो. ती प्रत दोघा-तिघांकडंच. वर्ष-दीड वर्ष ते तसंच फिरायचं, मग कधी रेकॉर्ड निघायची, कधी निघायचीच नाही.

त्यामुळं आम्ही शो रेकॉर्ड करायचो आणि एमपीथ्री एकमेकांना द्यायचो. नावं माहीत नसायची, मग आम्हीच ठेवायचो, "तो बासरीवाला", "तो दरवाजा वाजतो तो". जानेवारी २००६ ला बीबीसी रेडिओ वनवर मेरी ॲन हॉब्जने ह्या सगळ्या लोकांना एका रात्री बोलावून प्रत्येकाला थोडा थोडा वेळ दिला. त्या एका कार्यक्रमाची रेकॉर्डिंग कुठल्या कुठं गेली, बाहेरच्या देशांतल्या कितीतरी लोकांनी हे पहिल्यांदा तिथं ऐकलं. त्या आधी लंडनमध्येच ब्रिक्स्टनला डीएमझी नावाच्या डबस्टेपच्या क्लब नाइटला गेलं की ओळखीचे चेहरे दिसायचे. २००६ च्या मार्चमध्ये त्यांच्या पहिल्या वाढदिवसाला रांग रस्त्यावर गेली आणि त्यांना ऐन वेळी मोठ्या हॉलमध्ये हलवावं लागलं. ती जागा जुनं चर्च आहे. आत जवळजवळ अंधार, आणि बास कानाला कमी आणि बरगड्यांना जास्त. ढोल पथकात पहिल्या ओळीत उभं राहिलं की टोल छातीत बसतो ना, तसं, फक्त सलग आणि सावकाश.

एवढं लांबण लावायचं कारण, नाव न सांगणं हा तिथं कद्रूपणा नव्हता. ट्रॅक अजून कच्चा असतो, बनवणारा अजून बदलत असतो. मी एकदा न आलेल्या ट्रॅकचा मिक्समधून कापलेला तुकडा चार लोकांना पाठवला, तो महिन्याभरात भलत्याच नावाने सगळीकडं झाला. ज्याचा होता त्याला मी पुढं भेटलो, तो रागावला नाही, म्हणाला आता तो वाजवावासा वाटत नाही. तेव्हापासून मी पूर्ण मिक्स देतो, तुकडा कापून कधीच देत नाही.

शापोरा_बार्देश

क्रॉयडनकर, तुमचं वाचून मला आमचं गोव्यातलं हणजूण-वागातोर आठवलं. तुमच्याकडं डबप्लेट, आमच्याकडं डॅट टेप, म्हणजे डिजिटल आवाजाची छोटी कॅसेट.

माझी आई पार्टीत चटई घालायची. बाहेरच्यांना हे सांगावं लागतं: पार्टी रानात नाहीतर समुद्राकाठी, आणि कडेने गावच्या बायका चटया टाकून बसायच्या, पुढं रॉकेलचा दिवा, स्टोव्ह, चहा, आमलेट-पाव, केक. मी लहान, आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो, कानाखाली जमीन हलायची. पहाटे उठलो की तेच चालू असायचं, फक्त सूर उजळलेले. रात्रीचं काळोखं संगीत आणि सकाळचं उजेडाचं संगीत, हे वाजवणारे ठरवून करायचे, आपल्याकडं रागाला वेळ असते तसंच.

विनाइलच्या रेकॉर्ड आमच्या उन्हात वाकडी व्हायची आणि धूळ वेगळीच. म्हणून ऐंशीच्या दशकात लोराँ वगैरे डीजे मंडळी कॅसेटवरच वाजवायची, युरोप-अमेरिकेतल्या ट्रॅकमधलं गाणं कापून टाकायचे आणि नुसता वाद्यांचा भाग जोडून लांबवायचे. नंतर १९८७ मध्ये सोनीने डॅट काढली आणि सगळे तिच्यावर गेले. डीजे गोवा गिल, २०२३ मध्ये गेले ते, ते तर शेवटपर्यंत डॅटवाले. डॅटला वेगाचा स्लायडर नसायचा, म्हणजे ठोक्याला ठोका जुळवून मिसळणं जमायचं नाही. म्हणून ह्या पार्ट्यांतून निघालेल्या गोवा ट्रान्स संगीताच्या ट्रॅकना सुरुवातीला आणि शेवटी बिनठोक्याचा लांब भाग ठेवायची पद्धत पडली, एक मावळतो तोवर दुसरा उगवतो. मशीनमध्ये एक बटण नव्हतं, त्यातून संगीताचा आकार ठरला.

आणि अदलाबदल. सीझनला जो तो आपल्या देशातून टेप घेऊन यायचा, न निघालेलं असायचं सगळं. दुपारी कोणाच्या तरी भाड्याच्या घरी दोन मशीन जोडून कॉपी करत बसायचे. आमच्या घराच्या मागच्या खोलीत एक इटालियन भाडेकरू होता, तो तासन् तास हेच करायचा. टेपच्या कागदावर बारीक अक्षरात प्रत्येक ट्रॅकचं नाव, कोणाकडून मिळाला आणि कुठल्या वेळेला वाजवायचा हे लिहायचा. जाताना त्याने आईला एक कॅसेट दिली, बाजू अ वर एकच शब्द: सकाळ, इंग्रजीत. ती अजून आहे माझ्याकडं, कोणाचं संगीत आहे ते तीस वर्षं झाली मला कळलेलं नाही.

मित्रांना काय द्यायचं म्हणतोस तर माझं मत, काय द्यायचं त्यापेक्षा कधी द्यायचं ते बघ. दुपारी जेवताना हे कोणाला लावून दिलंस तर तो दोन मिनिटांत बंद करेल. रात्री गाडीत, लांबच्या रस्त्यावर, काही न सांगता लाव.

रात्रपाळी_सातपूर

सगळ्यांचे आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलंच नव्हतं. शापोरा दादा, तुमचं वाचून तर मी पाणी प्यायला उठलो.

वेगमापक भाऊ, काल सुट्टी होती, दोन तास बसलो. एकपासून आठ टक्के दोन्हीकडं करून बघितलं. मिळालं नाही. नीट ऐकल्यावर कळलं की डीजेने खाली स्वतःचा दुसरा ठोका पूर्ण पाच मिनिटं चालू ठेवलाय, एकटा ट्रॅक कुठंच वाजत नाही. पण त्याच्या पुढचा ट्रॅक सापडला! शिकागोचा निघाला, १९८७-८८ च्या सुमारचा. म्हणून मला वाटतंय माझा पण तिकडचाच असणार, बासचा आवाज डिट्टो तसाच आहे.

अजून एक. माझी बहीण हार्मोनियम शिकते, ती शेजारी बसलेली, तिने ऐकून वहीत लिहिलं. तिचं म्हणणं असं की वरचा माणूस सा ग प ध आणि कोमल नि एवढंच वाजवतोय. रे नाही, म नाही, वर जातानाही नाही आणि येतानाही नाही. ग प ध नि ध प असं सारखं येतं. ह्याचा काही उपयोग होतो का?

सूरपेटी_दादर

उपयोग होतो का काय विचारतोस, तुझ्या बहिणीने काम केलंय!

तो कलावती आहे. मी वीस वर्षं गाणं शिकवतेय, ग प ध नि ध, प ध प ग हे ऐकलं की दुसरं काही मनात येत नाही, प्रभाताई अत्र्यांची कलावती ऐकत वाढलोय आम्ही. खाली येताना रे लागला असता तर जनसंमोहिनी म्हटलं असतं, पण ती म्हणतेय रे नाहीच. आणि बघ, वेगमापक म्हणतात की रेकॉर्डचा वेग बदलला की सगळे सूर सरकतात आणि यंत्र चकतं. आपल्याला काय फरक पडतो? षड्ज काळी एकवरून पांढरी दोनवर गेला तरी कलावती कलावतीच राहते. सुरांमधली अंतरं तीच राहतात ना.

आता कलावती, घसरणारा रबरी बास आणि टिकटिक ठोका हे तिन्ही एकत्र म्हटल्यावर मला एकच रेकॉर्ड माहीत आहे आणि ती शिकागोची नाही, आपल्या मुंबईची आहे. चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांमध्ये गिटार, बास, कीबोर्ड वाजवणारे होते. १९८२ मध्ये त्यांनी एचएमव्हीसाठी दहा रागांची एक रेकॉर्ड केली, डिस्कोच्या ठोक्यावर. तीन मशीन, तिन्ही रोलँडची: ठोक्याला ८०८, बासला ३०३ आणि वर हाताने वाजवायला ज्युपिटर-८. ते ३०३ खरं तर एकट्या गिटारवाल्याला साथ मिळावी म्हणून काढलेलं, फारसं कोणी घेतलं नाही, रोलँडने १९८४ ला बंदच केलं. त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय होती, आणि राग वाजवणाऱ्या माणसाला ती सोय दिसल्यावर तो मींड घेणारच. ती रेकॉर्ड तेव्हा चालली नाही. पुढं १९८७ मध्ये शिकागोत फ्युचर नावाच्या तिघांच्या ग्रुपने तेच ३०३ वापरून ॲसिड हाऊसची पहिली मानली जाणारी रेकॉर्ड काढली. दोघांनी एकमेकांचं काही ऐकलेलं नव्हतं, पेटी मात्र तीच. म्हणून तुला बास डिट्टो वाटला.

एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला २००२ मध्ये दिल्लीत जुन्या रेकॉर्ड धुंडाळताना ही सापडली. मग त्याने सिंगना मुंबईत शोधून काढलं आणि २०१० मध्ये ती परत छापली. तेव्हा सत्तरीला आलेला माणूस पुढं युरोपात जाऊन तरुण पोरांपुढं हे वाजवून आला. २०१५ मध्ये मुंबईतच गेले. मी दादरला राहते, ते त्याच शहरात होते, आणि मला त्यांचं नाव एका विद्यार्थ्याने दिलेल्या मिक्समधून कळलं, ते गेल्यानंतर. ह्याची हळहळ मला खरंच वाटते.

रेकॉर्ड ऐकशील तेव्हा पहिला राग बघ. भैरवी. आपण भैरवी झाली की उठतो, ह्यांनी तिथून सुरुवात केलीय. "सिंथसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट" असं टाक, लगेच मिळेल.

रात्रपाळी_सातपूर

ताई तोच आहे!!! आत्ता कँटीनमधून लिहितोय, पहिल्या दहा सेकंदात कळलं. डीजेने बऱ्यापैकी जोरात चालवलाय, मूळचा ऐकला तर श्वास घ्यायला जास्त जागा आहे त्यात. बहिणीला फोन केला, ती झोपेतून उठून "कलावती ना?" एवढंच म्हणाली, मी तिला अजून नाव सांगितलंच नव्हतं. मी दोन वर्षं अमेरिकेचा समजत होतो, आणि हा माणूस इथून चार तासांवर होता.

क्रॉयडनकर

वा सूरपेटी ताई. तुम्ही फ्युचरचं काढलंत म्हणून सांगतो. त्यांनी तो ट्रॅक बनवून कॅसेट शिकागोच्या म्युझिक बॉक्स क्लबात तिथला डीजे रॉन हार्डीला दिली. त्याने त्याच रात्री चार वेळा लावला, पहिल्यांदा लोक फ्लोअर सोडून गेले आणि चौथ्या वेळेला वेडे झाले, असं ते लोक स्वतः सांगतात. मग लोकांनी क्लबात रेकॉर्ड करून टेप वाटल्या, आणि नाव कोणालाच माहीत नाही म्हणून त्याला "रॉन हार्डीचा ॲसिड ट्रॅक" म्हणायला लागले. रेकॉर्ड निघाली तेव्हा बनवणाऱ्यांनी तेच नाव ठेवलं. म्हणजे ऐकणाऱ्यांनी ठेवलेलं नाव छापलं गेलं. पुढं त्या सगळ्या प्रकाराचंच नाव ॲसिड झालं.

वेगमापक

रात्रपाळी, आता दुसऱ्या प्रश्नाचं. मित्रांना सगळा पेन ड्राइव्ह देऊ नको. चाळीस तास कोणी ऐकत नाही. एक मिक्स दे आणि सोबत ट्रॅकलिस्ट दे, वेळेसकट, जेवढी माहीत आहे तेवढी. माहीत नाही तिथं प्रश्नचिन्ह टाक, रिकामी जागा सोडू नको, कारण प्रश्नचिन्ह दिसलं की कोणीतरी शोधायला लागतं. क्रॉयडनकरांचं न आलेल्या ट्रॅकबद्दलचं मला पटतं, पण जे निघालंय, दुकानात आहे, त्याचं नाव लपवायला काही कारण नाही. चरणजित सिंगांचं नाव कोणी एकाने कुठंतरी लिहिलं नसतं तर ताईंना पण कळलं नसतं. आणि आवडलं तर विकत घ्या, बँडकॅम्प ह्या संगीत विकणाऱ्या साइटवर डिजिटल विक्रीतला ते पंधरा टक्केच ठेवतात, २०२० पासून काही शुक्रवारी तेही सोडतात. पगाराच्या आठवड्यात एक रेकॉर्ड, एवढं जमतं.

सूरपेटी_दादर

आणि बहिणीला माझ्याकडून एक दे: अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर आला होता, गीता साराभाई वगैरे मंडळींनी त्यावर केलेलं काम टेपवर तसंच पडून होतं. पॉल पर्गस ह्या कलाकाराने ते तिथल्या संग्रहातून बाहेर काढलं, २०२३ मध्ये निघालं. त्यात सुरांपेक्षा आवाज जास्त आहेत, पहिल्यांदा परकं वाटेल. तिने ऐकून वहीत काय लिहिलं ते मला कळव.

रात्रपाळी_सातपूर

कळवतो ताई. काल शापोरा दादांनी सांगितलं तसं केलं, पाळी सुटल्यावर पहाटे कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर छोटा स्पीकर ठेवून कलावती लावली, काही बोललो नाही. गंगापूर रोडला उतरणारा एकजण आहे, तो स्टॉप आला तरी उतरला नाही, म्हणाला पुढच्या चौकात उतरतो, संपू दे.

मिक्स ०७ ची ट्रॅकलिस्ट कागदावर केलीय. एकूण सोळा, सहा सापडले, दहा प्रश्नचिन्हं. आज रात्री टाइप करून टाकतो. पहिलं प्रश्नचिन्ह ०३:४० ला आहे, बाई काहीतरी मोजतेय, बहुतेक जर्मनमध्ये, आणि मागं पाण्याचा आवाज आहे. कोणाला काही आठवतंय का बघा.